माडांची नाडीपरीक्षा

खानदेशात चोपडा हे तालुक्याचे गाव आहे. त्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा असून दक्षिणेस तापी नदी वाहते. मधल्या काळ्या जमिनीत केळीच्या बागा आहेत. या भागातील शेतकरी बागेत शिरला की प्रथम पाने निरखून पाहतो. पानांवर करप्याचे ठिपके दिसले, तर त्याच्या जिवाला घोर लागतो. परंतु एकेका बागेत हजारो झाडे आणि एकेका शिवारात अनेक बागा! साऱ्या तालुक्यात रोग कोठे व किती पसरला आहे, हे बांधावर उभे राहून कसे कळावे? बरे, सातपुड्याच्या एखाद्या टेकडीवर चढावे, तर बागा सगळ्या एकदम दिसतात खऱ्या, पण तेथून सर्वच हिरवे दिसते. रोगट बाग कोणती आणि निरोगी कोणती, हे ओळखू येत नाही. जवळ जावे तर थोडेच दिसते, दूर जावे तर सारखेच दिसते.

केरळातील माडांच्या बाबतीत नेमकी हीच अडचण पडली होती. तीतून वाट काढण्याचा आपल्या देशातील पहिला प्रयत्न ज्यांच्या नेतृत्वाखाली झाला, त्यांचे नाव पिशारथ राम पिशारोटी. ते मूळचे केरळचे. परंतु त्यांच्या आयुष्यातील काही महत्त्वाची वर्षे मुंबईत व पुण्यात गेली.

पिशारोटी यांचा जन्म १० फेब्रुवारी १९०९ रोजी केरळातील कोल्लेनगोड या गावी झाला. हे गाव पालघाटच्या खिंडीजवळ आहे. सह्याद्रीची अखंड भिंत या एकाच ठिकाणी मोठी तुटलेली असून तेथून वारा सोसाट्याने वाहतो. पुढे ज्यांनी वाऱ्यापावसाचा अभ्यास केला, त्यांचा जन्म अशा जागी व्हावा, हा एक गमतीचा योगायोग म्हणावा लागेल. त्रिचनापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयात त्यांनी पदार्थविज्ञानाचे शिक्षण घेतले, मद्रास विद्यापीठाची एम. ए. ही पदवी मिळवली आणि १९३२ साली ते मद्रासच्या लोयोला महाविद्यालयात अध्यापक झाले. नोकरी सुखाची होती. पण उन्हाळ्याची सुट्टी लागली, की इतर लोक विश्रांती घेत असता हे तरुण अध्यापक बंगळूरची वाट धरीत. तेथे भारतीय विज्ञान संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन प्रकाशावर संशोधन करीत होते. रामन यांच्या हाताखाली सुट्ट्या घालवताना त्यांचा प्रकाशाशी जो परिचय झाला, तो पुढे तीस-पस्तीस वर्षांनी कामी आला.

१९४२ मध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, त्यांनी अध्यापन सोडले आणि ते भारतीय हवामान खात्यात शिरले. पुढे खात्यात असतानाच ते अमेरिकेत गेले. तेथे कॅलिफोर्निया विद्यापीठात याकोब ब्यर्कनेस या विख्यात हवामानशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी अध्ययन केले व १९५४ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्या वेळी त्यांचे वय पंचेचाळीस होते. या वयात पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर बसणे सर्वांनाच जमत नाही.

पावसाविषयी त्यांनी केलेल्या कामापैकी एक गोष्ट खानदेशातील मुलांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावर कमी दाबाची क्षेत्रे निर्माण होतात आणि ती बहुधा पश्चिमेकडे किंवा वायव्येकडे सरकत जातात. अशा क्षेत्राभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. मग सर्वांत जोराचा पाऊस त्याच्या कोणत्या बाजूस पडतो? पिशारोटी व त्यांचे सहकारी असनानी यांनी अशा अनेक क्षेत्रांच्या वेळच्या पावसाच्या नोंदी तपासल्या आणि १९५७ मध्ये दाखवून दिले, की जोराचा पाऊस नैर्ऋत्येच्या भागात, म्हणजे त्या क्षेत्राच्या वाटेच्या डाव्या अंगास पडतो. असे क्षेत्र मध्य प्रदेशातून पुढे सरकत असले, म्हणजे तापीचे खोरे त्याच्या डाव्या हातास येते. वर आभाळ भरलेले नसतानाही तापी का फुगते, याचे उत्तर पुष्कळदा शेकडो मैलांवरच्या अशा पावसात असते.

१९५९ मध्ये ते कुलाबा व अलिबाग येथील वेधशाळांचे संचालक झाले. अलिबागची वेधशाळा पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी करते. ही मोजणी पूर्वी मुंबईत कुलाब्यास होत असे. परंतु शहरात विजेच्या ट्राम येणार, असे ठरल्यावर त्यांच्या विजेने नाजूक उपकरणे बिघडतील म्हणून १९०४ साली ती अलिबागेस हलवण्यात आली. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी उपकरणांनी पाहणे, हे जणू या वेधशाळांचे ब्रीदच होते. १९६२ मध्ये पुण्यास उष्णकटिबंधातील हवामानाचा अभ्यास करणारी एक नवी संस्था निघाली आणि तिचे पहिले संचालकपद पिशारोटी यांच्याकडे आले. पावसाळ्यातील बाष्पाचा मोठा भाग अरबी समुद्राच्या पाण्यापासूनच तयार होतो, असा निष्कर्ष त्यांनी १९६५ च्या सुमारास मांडला. तो सर्वांना मान्य झाला नाही. विषुववृत्ताच्या पलीकडून येणाऱ्या वाऱ्यांचा वाटा त्याहून मोठा आहे, असे पुढे इतर शास्त्रज्ञांनी दाखवले. या वादामुळे पुष्कळांनी समुद्रावरची मोजणी अधिक काळजीपूर्वक केली, हाही लाभ लहान नव्हे.

१९६७ मध्ये ते हवामान खात्यातून निवृत्त झाले. वय अठ्ठावन्न. येथे एखाद्याचे चरित्र संपले असते. पिशारोटींच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण मात्र येथे सुरू होते. विक्रम साराभाई त्या वेळी देशातील अवकाश-संशोधनाची उभारणी करीत होते. केरळात थुंबा येथून १९६३ मध्ये पहिला अग्निबाण आकाशात गेला होता. अवकाशविद्येचा उपयोग गरीब शेतकऱ्याला व कोळ्याला झाला पाहिजे, असा साराभाईंचा कटाक्ष होता. अहमदाबादेस त्यांनी स्थापन केलेल्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत पिशारोटी प्राध्यापक म्हणून रुजू झाले. आकाशातून जमिनीचे निरीक्षण करण्याचे नवे शास्त्र तेव्हा परदेशात आकार घेत होते. एखाद्या वस्तूला स्पर्श न करता, तिच्याकडून येणाऱ्या किरणांवरून दुरूनच तिची माहिती मिळवायची, म्हणून या शास्त्रास सुदूर संवेदन असे म्हणतात.

उंचावरून छायाचित्र घेण्याची कल्पना तशी जुनी आहे. १८५८ मध्ये नादार नावाच्या फ्रेंच छायाचित्रकाराने बलूनमध्ये बसून पॅरिसजवळच्या एका खेड्याचे चित्र घेतले होते. परंतु साधे छायाचित्र डोळ्यांना जे दिसते तेवढेच दाखवते. खरा चमत्कार निराळाच आहे. १८०० साली विल्यम हर्शेल या ज्योतिषशास्त्रज्ञाने सूर्यप्रकाशाचे लोलकाने सात रंग पाडले आणि प्रत्येक रंगात उष्णतामापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही उष्णतामापकाचा पारा चढला. त्या अदृश्य किरणांना आपण अवरक्त किरण म्हणतो.

आता झाडाचे पान घ्या. पानातील हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश शोषून घेते आणि त्या मानाने हिरवा प्रकाश परत पाठवते, म्हणून पान हिरवे दिसते. अवरक्त किरणांचे मात्र पानास काही काम नसते. निरोगी पानाच्या आत पेशी आणि त्यांच्यामधील हवेच्या पोकळ्या अशा रचलेल्या असतात, की तांबड्या रंगाच्या लगतच्या अवरक्त किरणांपैकी पुष्कळसे किरण तेथे आपटून माघारी फिरतात. आपल्या डोळ्यांना ते किरण दिसत असते, तर भर दुपारी केळीची बाग आपल्याला विलक्षण तेजाने झगमगताना दिसली असती. पान रोगाने क्षीण झाले की आतील रचना बिघडते आणि हे तेज उतरते. दुसऱ्या महायुद्धात या गुणाचा उपयोग झाला होता. शत्रूने रणगाड्यांवर हिरवे रंगवलेले कापड टाकले, तर ते डोळ्यांना झाडीसारखे दिसे. पण अवरक्त किरण टिपणाऱ्या विशेष फिल्मवर खरी पाने तेजस्वी उमटत आणि रंगवलेले कापड तेवढे निस्तेज राही. या फिल्मवर अवरक्त किरण तांबड्या रंगात उमटतात, म्हणून तिच्यावर दाट झाडी लालभडक आणि स्वच्छ पाणी जवळजवळ काळे दिसते. रंग खोटे, पण माहिती खरी, असा हा प्रकार आहे.

केरळात नारळीवर एक दुष्ट रोग पडला होता. १८८२ च्या महापुरानंतर एराट्टुपेट्टा या गावाच्या परिसरात तो प्रथम दिसल्याची नोंद आहे. त्याला मूळकुजीचा किंवा मर रोग म्हणत. या रोगाने माड एकदम मरत नाही. त्याच्या झावळ्यांची पाती ढिली पडून बरगड्यांसारखी आत वळतात, पाने पिवळी पडतात, नारळ कमी व लहान येऊ लागतात, आणि वर्षानुवर्षे माड नुसता उभा राहतो. ज्या कुटुंबाच्या परसात दहा-वीस माड आणि तेवढाच संसाराचा आधार, त्या कुटुंबाचे काय होत असेल, याची कल्पना करावी. खोबरे गेले, तेल गेले, काथ्या गेला. त्या काळी रोगाचे कारणही निश्चित कळलेले नव्हते. रोग किती गावांत आहे, कोणत्या दिशेने सरकतो आहे, हे कळण्यास लाखो माड एकेक करून पाहावे लागले असते. माडाचा शेंडा साठ-सत्तर फूट उंच. खालून मान वर करून पाहणाऱ्याला त्यातले कितीसे दिसणार?

१९७० मध्ये पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, कृषिशास्त्रज्ञांच्या साह्याने, या कामी नवे शास्त्र वापरून पाहण्याचे ठरवले. कॅमेऱ्यात अवरक्त किरण टिपणारी फिल्म भरण्यात आली आणि हेलिकॉप्टरमधून माडांच्या बागांवर फेऱ्या मारून छायाचित्रे घेण्यात आली. हेलिकॉप्टर वापरण्यात शहाणपण होते. ते कमी उंचीवरून व सावकाश जाऊ शकते, त्यामुळे माडाचा एकेक शेंडा चित्रात सुटा दिसतो. फिल्म धुतल्यावर निरोगी माडांचे शेंडे तांबडे आणि रोगट माडांचे शेंडे निराळ्या, उतरलेल्या छटेचे दिसले. वैद्य जसा हाताची नाडी पाहून पोटातले दुखणे ओळखतो, तशी ही माडांची नाडीपरीक्षाच होती.

परंतु चित्रावरील फिकट ठिपका म्हणजे रोगच, असे एकदम म्हणता येत नाही. माड म्हातारा असेल, त्याला पाणी मिळाले नसेल, किंवा शेजारच्या झाडाची सावली त्याच्यावर पडली असेल. म्हणून चित्रातील निवडक झाडे जमिनीवर प्रत्यक्ष शोधून काढावी लागतात. चित्रात जो रोगट दिसतो तो माड खरोखर रोगट आहे ना, आणि जो निरोगी दिसतो तो निरोगी आहे ना, हे ताडून पाहावे लागते. या पडताळणीवाचून आकाशातील चित्र म्हणजे नुसते रंगीत कागद होत. वर्तमानपत्रांतून हेलिकॉप्टरची हकीकत अधिक येते आणि चिखलातून माड शोधत फिरणाऱ्यांची कमी, हा अन्यायच आहे. पिशारोटींना आज भारतातील सुदूर संवेदनाचे जनक म्हणतात. ते योग्यच आहे. पण या प्रयोगात झाडे व त्यांचे रोग जाणणाऱ्या अनेकांचा हात होता, हे विसरून चालणार नाही.

या प्रयोगाने माडांचा रोग बरा झाला नाही. फायटोप्लाझ्मा नावाचे अतिसूक्ष्म जंतू हे त्याचे कारण असल्याचे पुढे आढळून आले, आणि त्यावर खात्रीचे औषध अजूनही नाही. परंतु आपल्या देशात दुरून पिकाची प्रकृती पाहता येते, हे सिद्ध झाले. त्याच वर्षी पिशारोटींना पद्मश्री हा बहुमान मिळाला.

यानंतरची प्रगती वेगाने झाली. १९७२ मध्ये अमेरिकेने पृथ्वीची साधनसंपत्ती पाहण्यासाठी पहिला लँडसॅट उपग्रह सोडला. त्याच वर्षी पिशारोटी अहमदाबादेस सुदूर संवेदन व उपग्रह-हवामान विभागाचे संचालक झाले आणि १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले. विमानांतून पिकांची पाहणी करण्याचा प्रयोग १९७४-७५ मध्ये आंध्रातील अनंतपूर व पंजाबातील पतियाळा या जिल्ह्यांत झाला. ७ जून १९७९ रोजी भास्कर हा भारताचा पहिला भू-निरीक्षक उपग्रह रशियन अग्निबाणावरून गेला आणि १७ मार्च १९८८ रोजी आय. आर. एस. १ ए हा उपग्रह सुमारे ९०० किलोमीटर उंचीवरून भारतभूमी न्याहाळू लागला.

उपग्रहात फिल्म नसते. त्यातील संवेदक जमिनीचे लहान लहान चौकोन पाडतो, प्रत्येक चौकोनातून तांबडा, हिरवा, अवरक्त असा कोणता प्रकाश किती आला, हे मोजतो आणि ते आकडे विद्युत्-लहरींनी खाली पाठवतो. चौकोन जेवढा लहान, तेवढे चित्र बारीक. हे आपल्या गुंठ्यांच्या हिशोबात पाहू. भास्कराचा चौकोन एक किलोमीटर बाजूचा, म्हणजे जवळजवळ अडीचशे एकरांचा होता. त्यात सारे शिवार मावून जाई. पहिल्या लँडसॅटचा चौकोन ८० मीटरांचा, म्हणजे सुमारे त्रेसष्ट गुंठ्यांचा. आय. आर. एस. १ ए च्या अधिक बारीक कॅमेऱ्याचा ३६ मीटरांचा, म्हणजे सुमारे तेरा गुंठ्यांचा. २०१५ पासून युरोपचे सेंटिनेल-२ हे उपग्रह १० मीटरांचे चौकोन टिपत आहेत, म्हणजे बरोबर एक गुंठा म्हणण्यास हरकत नाही. केळी पाच फुटांवर लावली तर एका गुंठ्यात चव्वेचाळीसच्या आसपास झाडे बसतात. तेव्हा या उपग्रहालाही एकटे झाड दिसत नाही. चव्वेचाळीस झाडांचा मिळून एक आकडा तेवढा मिळतो. हेलिकॉप्टरने जे एकेका माडाचे पाहिले, ते हा उपग्रह करू शकत नाही. पण हेलिकॉप्टर दर पाच दिवसांनी साऱ्या खानदेशावर फिरवणे कोणाला परवडेल?

चोपडा तालुक्यातच अडावदजवळ उनपदेव येथे गरम पाण्याचा झरा आहे. प्रत्येक वस्तू आपल्या उष्णतेप्रमाणे अदृश्य किरण बाहेर टाकत असते, आणि काही संवेदक हे उष्णतेचे किरणही मोजतात. ते रात्रीच्या अंधारातही काम करतात. मग हा झरा उपग्रहाला दिसावा की नाही? हल्लीच्या लँडसॅट उपग्रहांतील उष्णतामापक संवेदकाचा चौकोन १०० मीटरांचा, म्हणजे अडीच एकरांचा आहे. एवढ्या चौकोनात चिमुकल्या झऱ्याची ऊब आसपासच्या दगडमातीत मिसळून जाते. झरा खरा असूनही चित्रात हरवतो. मोठे जंगल पेटले, तर मात्र ते लपून राहत नाही. ढगांतून आरपार पाहायचे असेल, तर रडारच्या लहरी वापराव्या लागतात. भारत व अमेरिका यांनी मिळून ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला निसार उपग्रह याच प्रकारचा आहे. ऐन पावसाळ्यात पिके डोलत असता आकाश ढगांनी झाकलेले असते, हे लक्षात घेतले, म्हणजे त्याचे महत्त्व कळेल.

उतारवयात पिशारोटी पुन्हा आपल्या पावसाकडे वळले. त्यांनी एक साधा पण डोळे उघडणारा हिशोब मांडला. वर्षाचे तास ८,७६०. त्यांपैकी आपल्या देशातील बहुतेक भागात पाऊस पडतो तो सुमारे १०० तास, आणि त्यातलाही निम्मा पाऊस अवघ्या वीस-एक तासांत कोसळतो. तेवढ्या थोड्या तासांत जे पाणी अडवले, त्यावर उरलेले वर्ष काढायचे. धुळे भागात पांझरा नदीवर जुन्या पिढ्यांनी बंधारे घालून फडांची बागायत केली, ती हाच हिशोब कागदावर न मांडता केली असावी. पिशारोटींनी मात्र तो आकड्यांत बसवला, आणि गावोगावची तळी व बंधारे यांचा विचार करणाऱ्या कार्यकर्त्यांना तो फार उपयोगी पडला. १९८९ मध्ये जागतिक हवामान संघटनेने आपले सर्वोच्च पारितोषिक त्यांना दिले. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते.

१२ सप्टेंबर २००२ रोजी केवळ हवामानाच्या निरीक्षणासाठी बनवलेला भारताचा पहिला उपग्रह श्रीहरिकोट्याहून आकाशात गेला. त्याची जागा ३६,००० किलोमीटर उंचीवर ठरवण्यात आली होती. पृथ्वी फिरते त्याच वेगाने फिरत तेथून त्याने अरबी समुद्र, बंगालचा उपसागर आणि त्यांमधील आपली भूमी यांवर रात्रंदिवस नजर ठेवायची होती. त्यानंतर बाराव्या दिवशी, २४ सप्टेंबर रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी पिशारोटी पुण्यात निवर्तले. पुढच्या वर्षी अंतराळवीर कल्पना चावला यांच्या अपघाती निधनानंतर त्या उपग्रहाचे नाव कल्पना-१ असे ठेवण्यात आले. तो कित्येक पावसाळे ढगांची चित्रे पाठवीत राहिला.